शेकरूचा दिवस कवितेत लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते आठवीच्या वर्गांना मराठीच्या तासाला ‘एका वन्यप्राण्याच्या दिनक्रमावर कविता लिहा’ असा उपक्रम दिला जातो आणि त्यानंतर आठवडाभर विद्यार्थी, पालक आणि नव्याने रुजू झालेले शिक्षक तेच ते प्रश्न विचारत राहतात. आमची शाळा भीमाशंकरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असल्यामुळे आम्ही या उपक्रमासाठी बहुतेक वेळा शेकरू हाच प्राणी घेतो. वर्गात प्रत्यक्ष आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

‘दिनक्रमावर कविता’ म्हणजे नेमके काय लिहायचे?

प्राण्याचे वर्णन आणि प्राण्याचा दिनक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक वह्यांमध्ये पहिलीच गोष्ट सापडते. ‘शेकरूचा रंग तांबूस, शेपूट लांब, डोळे काळे’ या ओळींत शेकरू कसा दिसतो ते कळते, पण तो काय करतो ते कळत नाही. दिनक्रमाच्या कवितेत वेळ पुढे सरकली पाहिजे. पहिल्या कडव्यात कोवळे ऊन असेल तर शेवटच्या कडव्यात सावल्या लांबलेल्या असाव्यात आणि मधल्या प्रत्येक कडव्यात प्राणी काही ना काही करताना दिसावा. रंग, आकार, शेपूट या गोष्टी कवितेत येऊच नयेत असे नाही, परंतु त्या कृतीच्या निमित्ताने याव्यात. शेपूट लांब आहे असे सांगण्यापेक्षा ती शेपूट शेकरूला कोणत्या क्षणी उपयोगी पडते हे लिहिले, की वर्णन आणि दिनक्रम एकाच ओळीत साधतात.

वाघ, सिंह, हत्ती सोडून शेकरूच का निवडावा?

निवडलाच पाहिजे असा नियम नाही. मात्र वाघावर लिहिलेल्या तीस कविता वाचल्या तर त्यांपैकी पंचवीस कवितांत डरकाळी, पंजा आणि ‘जंगलाचा राजा’ हेच सापडते, कारण मुलांनी वाघ चित्रांत पाहिलेला असतो, रानात नाही. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याच्या अधिवासाच्या रक्षणासाठी भीमाशंकरचे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शेकरू दिवसा जागा असतो आणि रात्री झोपतो, त्यामुळे शाळकरी मुलाला त्याचा पूर्ण दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येण्याची शक्यता असते. असे फार थोड्या वन्यप्राण्यांबाबत म्हणता येते.

शेकरूचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण कवितेचा सगळा कच्चा माल येथेच आहे.

शेकरू ही खारीच्याच कुळातली, पण आकाराने फार मोठी खार आहे. तिचे शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका. पूर्ण वाढलेल्या शेकरूचे वजन साधारण दीड ते दोन किलो भरते आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी सुमारे तीन फूट असते, ज्यातली निम्म्याहून अधिक शेपूटच असते. पाठ तांबूस-तपकिरी आणि पोट फिकट असते. हा प्राणी जवळजवळ सगळे आयुष्य झाडांच्या वरच्या थरात काढतो आणि अगदी क्वचितच जमिनीवर उतरतो. म्हणून त्याच्या दिवसाला ‘रस्ता’ नसतो, फांद्यांना फांद्या भिडून तयार झालेली वाट असते. ती वाट एखादे झाड तोडल्यामुळे तुटली, तर त्याचा दिवसच बदलतो.

रात्र तो घरट्यात काढतो. डहाळ्या आणि पाने रचून केलेले हे गोलसर घरटे उंच झाडाच्या बारीक फांद्यांवर असते, कारण जड शिकारी प्राणी त्या फांद्यांपर्यंत पोहोचू शकत नाही. एकाच शेकरूची आपल्या क्षेत्रात अनेक घरटी असतात, त्यामुळे जंगलात दिसणाऱ्या प्रत्येक घरट्यात शेकरू असेलच असे नाही. एका मुलाने या माहितीवर ‘आज कुठल्या घरी झोपू’ अशी ओळ लिहिली होती आणि त्या वर्षीच्या सर्व वह्यांमध्ये ती मला सर्वांत खरी वाटली होती.

सकाळी तो खाण्यासाठी बाहेर पडतो. फळे, फुले, बिया, कोवळी पाने, झाडाची साल हे त्याचे मुख्य अन्न आहे, आणि कधीकधी किडे किंवा पक्ष्यांची अंडीही तो खातो. उंबर, जांभूळ, आंबा ही झाडे मुलांच्या ओळखीची असल्यामुळे कवितेत ती सहज येतात. खाण्याची त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून तो पुष्कळदा उलटा लोंबकळतो, पुढच्या दोन पायांनी हाताप्रमाणे फळ धरतो, आणि त्या वेळी लांब शेपूट त्याचा तोल सांभाळते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना तो वीस फुटांपर्यंतची झेप घेऊ शकतो.

दुपारी ऊन चढले की त्याच्या हालचाली मंदावतात. तो फांदीवर अंग पसरून किंवा घरट्यात विसावतो. विद्यार्थी नेमका हाच भाग कवितेतून गाळतात, कारण ‘काही घडत नाही’ असे त्यांना वाटते. वास्तविक धावत्या कवितेत एक थांबलेले कडवे आले, तर पुढची उडी अधिक उंच वाटते. ऊन कलले की त्याची दुसरी फेरी सुरू होते आणि अंधार पडण्यापूर्वी तो पुन्हा एखाद्या घरट्यात शिरतो.

या दिवसात भीतीही असते. मोठे शिकारी पक्षी आणि बिबट्या हे त्याचे शत्रू आहेत. धोका जाणवला की शेकरू अनेकदा पळण्याऐवजी फांदीला चिकटून निश्चल होतो, आणि कधी एकापाठोपाठ तुटक, खडखडणारा मोठा आवाज काढतो. जंगलात अचानक असा आवाज आला की मान वर करावी.

मी शेकरू कधी पाहिलाच नाही. तरीही लिहू शकतो का?

लिहू शकता, परंतु आधी पाहण्याचा प्रयत्न करावा. भीमाशंकरखेरीज महाबळेश्वर, फणसाड, राधानगरी येथील जंगलांत आणि गोव्यात मोलेच्या परिसरातही शेकरू आढळतो. सहल किंवा कौटुंबिक प्रवास त्या बाजूला असेल, तर सकाळी लवकर, मोठ्या माणसासोबत, वनखात्याने आखून दिलेल्या वाटेवरूनच चालावे आणि बोलणे बंद ठेवावे. शेकरूला खाऊ देणे, दगड मारून किंवा टाळ्या वाजवून हलवणे हे कवितेसाठीसुद्धा करू नये.

आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरचे लोक दरवर्षी रानात बाळहिरडा गोळा करायला जातात. शेकरू कसा शोधावा असे मी तिला विचारले, तेव्हा तिने सांगितले की शेकरू आधी दिसत नाही, आधी वारा नसताना एकच शेंडा हलतो, मग खाली कुरतडलेली साल पडते आणि त्यानंतर शेकरू दिसतो. हा क्रम कोणत्याही पुस्तकी माहितीपेक्षा कवितेच्या जवळचा आहे. ज्यांना जंगलापर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी अशा माणसांना विचारावे: गुराखी, वनरक्षक, हिरडा गोळा करणारे, डोंगरात राहणारे आजी-आजोबा. चित्रफीत पाहायची असेल, तर ती आवाज बंद करून एकदा आणि डोळे मिटून एकदा अशी दोनदा पाहावी. पहिल्या वेळी हालचाल टिपावी, दुसऱ्या वेळी आवाज.

कवितेची सुरुवात कशी करावी?

‘शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे’ या वाक्याने करू नये. ते निबंधाचे पहिले वाक्य आहे. कागदावर आधी चार वेळा लिहाव्यात: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक वेळेसमोर शेकरूची एकच कृती आणि एकच जागा साध्या गद्यात लिहावी. ‘सकाळी फळे खातो’ असे लिहिले असेल, तर स्वतःला विचारावे की कोणती फळे, कोणत्या झाडावर, आणि खाताना तो बसलेला असतो की लोंबकळत असतो. ‘सकाळी उंबराच्या फांदीला उलटा लोंबकळून पिकलेले उंबर खातो’ हे वाक्य हाती आले की कविता जवळजवळ सुरू झालेली असते. यमक, छंद, शीर्षक यांचा विचार त्यानंतर करावा.

कोणता छंद घ्यावा?

पहिल्यांदा कविता लिहिणाऱ्या मुलांसाठी अष्टाक्षरी हा सर्वांत हाताशी असणारा साचा आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब ठेवावा लागत नाही, आणि दुसऱ्या व चौथ्या ओळीचे यमक जुळवले की कडवे पूर्ण होते. लहान अभंगाची घडण अशीच आठ अक्षरांची असल्यामुळे भजन ऐकत वाढलेल्या मुलांच्या कानात ही लय आधीपासून असते. अक्षरे मोजताना जोडाक्षर एकच धरावे: ‘झाडाच्या’ या शब्दात झा, डा, च्या अशी तीनच अक्षरे आहेत. वर्गात फळ्यावर मुलांच्या मदतीने तयार झालेली तीन कडवी नमुन्यादाखल देतो.

उंच झाडाच्या शेंड्याशी
डहाळ्यांचे गोल घर
ऊन कोवळे पडता
शेकरू ये फांदीवर

मागचे पाय फांदीला
पुढच्या हातात फळ
उलटे लटकताना
शेपटीचे त्याला बळ

दुपारच्या शांत वेळी
फांदीवर अंग सैल
ऊन कलले की पुन्हा
उडी अल्याडून पैल

ही कडवी फार मोठी कविता आहे असा दावा नाही. पण त्यांत वेळ पुढे सरकते, प्रत्येक कडव्यात एक खरी कृती आहे आणि एकही ओळ केवळ जागा भरण्यासाठी आलेली नाही. नमुना जसाच्या तसा वहीत उतरवू नये. त्यातली अक्षरे मोजून पाहावीत आणि मग स्वतःच्या प्राण्यासाठी स्वतःची ओळ करावी.

ज्यांना अष्टाक्षरी साधली आहे त्यांनी मात्रांकडे वळावे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन मात्रा. अनुस्वार असलेले अक्षर दीर्घ धरतात, आणि पुढे जोडाक्षर येऊन आघात होत असेल तर आधीचे अक्षरही दीर्घ धरतात. सोळा मात्रांची ओळ आठ-आठ मात्रांच्या दोन तुकड्यांत पडते आणि तिला उडीची लय आपोआप मिळते:

झाडावरुनी झाडावरती
उडी मारतो, शेंडे हलती

येथे ‘झाडावरुनी’ या शब्दात झा आणि डा यांच्या दोन-दोन, व आणि रु यांची एकेक आणि नी च्या दोन अशा आठ मात्रा होतात. ‘वरून’ या रोजच्या शब्दाचे ‘वरुनी’ असे रूप करून रु ऱ्हस्व केला आहे. कवितेत ही सवलत परंपरेने घेतली जाते, पण प्रत्येक ओळीत घेतली तर भाषा कृत्रिम होते.

जात्यावरच्या ओवीची लय घरात ऐकलेली असेल तर तीही घेता येते. मुक्तछंदही चालतो, परंतु मुक्तछंद म्हणजे गद्य वाक्य तोडून एकाखाली एक लिहिणे नव्हे. तेथे प्रत्येक ओळ कुठे तुटते याला कारण असावे लागते, आणि ते कारण सातवीच्या मुलाला समजावून सांगणे मला आजवर सोपे गेलेले नाही.

यमक जुळत नाही म्हणून अर्थ बदलावा लागतो. काय करावे?

अर्थ बदलू नये, शब्द हलवावा. मराठीत शब्दक्रम बराच मोकळा आहे आणि त्याचा कवितेत पुरेपूर उपयोग होतो. ‘फांदीवर शेकरू येतो’ या ओळीला यमक मिळत नसेल, तर ‘शेकरू ये फांदीवर’ असे करताच घर, भर, सर असे अनेक शब्द समोर येतात. ओळीच्या शेवटी अवघड शब्द ठेवून त्याला यमक शोधत बसण्यापेक्षा ज्याला पुष्कळ सोबती आहेत असा शब्द शेवटी आणावा.

दोन सवयी टाळण्यासारख्या आहेत. पहिली सवय म्हणजे क्रियापदांच्या एकाच प्रत्ययावर यमक साधणे: टेकून, सोडून, बघून, धावून. असे यमक चुकीचे नसते, पण चार कडव्यांत तेच आले की कविता एकसुरी होते, आणि वाचणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळतो. दुसरी सवय अधिक वाईट आहे. ‘शेकरू’ला यमक म्हणून ‘लेकरू’ शब्द आणायचा आणि मग त्या शब्दासाठी आई, बाळ, अंगाई असे सगळे प्रसंग रचायचे. हा शब्द जवळजवळ प्रत्येक तुकडीत येतो. तो आवडला असेल तर घ्यावा, मात्र लेकराबद्दल खरेच काही सांगायचे असेल तरच.

‘मी शेकरू बोलतोय’ असे लिहिले तर चालेल का?

चालेल, आणि कधी कधी फार चांगले साधते. प्राण्याने ‘मी’ म्हणून बोलण्यात गैर काही नाही, गैर आहे ते माणसाचे वेळापत्रक त्याच्या अंगावर चढवण्यात. सकाळी दात घासणारा, दप्तर घेऊन शाळेत जाणारा, दुपारी डबा खाणारा आणि रात्री मोबाइल पाहणारा शेकरू लिहिला की तो शेकरू राहत नाही, शेपूट लावलेला मुलगा होतो. ‘मी’ने बोलायचे असेल, तर त्याला जे माहीत असू शकते तेवढेच त्याने बोलावे. त्याला फांदीची जाडी माहीत आहे, पिकलेल्या उंबराचा वास माहीत आहे, आकाशात फिरणाऱ्या मोठ्या पंखांची सावली माहीत आहे. आपण राज्यप्राणी आहोत हे मात्र त्याला माहीत नाही.

माहितीच्या कोणत्या चुका वारंवार होतात?

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे शेकरूच्या पाठीवर पट्टे काढणे. पट्टे आपल्या अंगणात दिसणाऱ्या लहान खारीच्या पाठीवर असतात. सेतू बांधताना मदत करणाऱ्या खारीच्या पाठीवरून श्रीरामांनी बोटे फिरवली ही कथा आणि ‘खारीचा वाटा’ हा वाक्प्रचार त्या लहान खारीचा आहे. शेकरूच्या पाठीवर तसे पट्टे नसतात, म्हणून ही कथा त्याच्या कवितेत आणू नये.

दुसरी चूक शेकरूला ‘उडणारी खार’ समजण्याची आहे. उडणारी खार हा वेगळा प्राणी आहे. ती निशाचर आहे आणि तिच्या पुढच्या व मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, जो पसरून ती तरंगत जाते. शेकरूला असा पडदा नसतो, तो पायांच्या बळावर झेप घेतो. कवितेत ‘उडतो’ हा शब्द झेपेच्या अर्थाने आला तर चालेल, पण पंख किंवा तरंगणे येऊ नये.

याशिवाय शेकरूला कळपात फिरवणे (तो बहुधा एकटा असतो), नदीकाठी पाणी पिताना तासन्‌तास जमिनीवर बसवणे, आणि सह्याद्रीच्या जंगलात सिंह, झेब्रा किंवा जिराफ यांना त्याचे शेजारी करणे या चुका लहान वर्गांत हमखास होतात. शेजारी हवे असतील तर वानर, रानकोंबडा, हळद्या, धनेश, भेकर यांची नावे घ्यावीत.

‘तो शेकरू’ म्हणावे की ‘ते शेकरू’?

बोलण्यात आणि छापील मजकुरात दोन्ही रूपे आढळतात. कोणतेही एक निवडावे आणि कवितेच्या शेवटापर्यंत तेच ठेवावे.

घरातल्या बोलीत लिहिले तर गुण कमी होतील का?

शिक्षकांनी कमी करू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. डोंगरातल्या वाड्यांवरून येणाऱ्या मुलांकडे झाडांची, पाखरांची, रानातल्या आवाजांची आणि वाटांची जी शब्दसंपत्ती असते, ती पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ‘जंगल’ऐवजी ‘रान’, ‘लहान फांदी’ऐवजी ‘डहाळी’, ‘झाडातील पोकळी’ऐवजी ‘ढोली’ असे शब्द आले की ओळ आखूडही होते आणि जिवंतही. वर्गात इतरांना न समजणारा शब्द आला, तर त्याच मुलाला उभे करून अर्थ सांगायला लावावा. आपल्या घरचा शब्द फळ्यावर लिहिला गेल्याचा आनंद मुलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

रात्री जागणारा प्राणी निवडला तर दिनक्रम कसा मांडावा?

त्याचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू होतो हे प्रथम मान्य करावे, आणि कविताही तेथूनच सुरू करावी. खवल्या मांजराने सूर्योदयाला आळस देऊन उठण्याचे काही कारण नाही. ते अंधार पडल्यावर बिळातून निघते, मुंग्या आणि वाळवीची वारुळे उकरते, दात नसल्यामुळे लांब चिकट जिभेने ती टिपते आणि धोका दिसताच अंगाचे वेटोळे करते. साळिंदरही निशाचर आहे. ते काटे बाणासारखे फेकते ही समजूत चुकीची आहे, ते पाठ फिरवून काटे उभारते आणि शत्रूच्या अंगावर मागे सरकते. अशा कवितेत पहाटेचे कडवे हे शेवटचे कडवे असते. पहाट ही झोपायला जाण्याची वेळ म्हणून लिहिताना मुलांना जी गंमत वाटते, तिच्यातून नेहमीपेक्षा वेगळ्या ओळी येतात.

जुन्नर, आंबेगाव या भागांतील मुले बिबट्यावर लिहू इच्छितात, कारण तो उसाच्या शेतात राहतो आणि त्याच्याविषयी घरात रोज बोलले जाते. अशा वेळी मुलाला बिबट्याची भीती वाटत असेल तर ती कवितेत येऊ द्यावी. ‘प्राण्यांवर प्रेम करा’ या सूचनेखाली ती दडपू नये. संध्याकाळी अंगणातून घरात बोलावून घेतले जाणारे मूल आणि त्याच वेळी उसातून बाहेर पडणारा बिबट्या, असे दोन दिनक्रम एकाच कवितेत आले तर ती कविता खरी होईल.

कविता किती मोठी असावी?

चार ओळींची चार ते सहा कडवी पुरेशी आहेत.

शेवटी ‘झाडे लावा, जंगल वाचवा’ असा संदेश आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तो कवितेचे नुकसान करतो. पाच कडवी शेकरूबरोबर फांद्यांवरून फिरलेला वाचक सहाव्या कडव्यात एकदम भिंतीवरच्या घोषणेसमोर येऊन उभा राहतो. जंगलतोडीचे दुःख खरे आहे आणि मुलांनी ते लिहावे, पण शेकरूच्या दिवसातून लिहावे. रोजच्या उडीच्या जागी आज दुसरे झाडच नाही, तो फांदीच्या टोकाशी येतो, थांबतो आणि परत फिरतो, एवढेच लिहिले तरी वाचणाऱ्याला सर्व काही समजते. स्पर्धेच्या नियमांत संदेशाची अट स्पष्टपणे घातलेली असेल तरच तो घालावा, आणि तोही एका ओळीत.

पालकांनी किती मदत करावी? तयार कविता मोबाइलवरून घेतली तर?

पालकांनी ओळी देऊ नयेत, प्रश्न द्यावेत. ‘मग दुपारी तो कुठे गेला?’, ‘खाली काय पडले?’, ‘तेव्हा आवाज येत होता का?’ असे तीन-चार प्रश्न विचारले की मूल स्वतःच पुढची ओळ शोधते. पालकांनी सुधारलेली कविता गुळगुळीत होते आणि तिच्यातून मुलाने पाहिलेली नेमकी गोष्ट निघून जाते. शुद्धलेखन मात्र जरूर तपासावे.

तयार कविता घेण्याबाबत सांगायचे तर, ती लगेच ओळखू येते, कारण तिच्यात ‘हिरवेगार वन’, ‘निसर्गाची शोभा’, ‘आनंदाने बागडतो’ असे शब्द असतात, पण एकाही झाडाचे नाव नसते. अशी वही आल्यावर मी रागावत नाही, मुलाला शेजारी बसवून त्याने कधीतरी पाहिलेल्या कोणत्याही प्राण्याबद्दल बोलायला लावतो. अंगणातली पाल, गोठ्याच्या वाशांवर बसणारे घुबड, काहीही चालते, आणि त्या बोलण्यातून पुढच्या दहा मिनिटांत दोन ओळी तरी निघतातच.

शिक्षकांनी गुण कसे द्यावेत?

मी चार गोष्टी पाहतो: वेळ पुढे सरकते का, कृती प्राण्याच्या स्वभावाशी जुळतात का, निवडलेली लय टिकते का, आणि वाचून झाल्यावर एक तरी चित्र डोळ्यांसमोर राहते का. शेवटच्या गोष्टीला निम्मे गुण देतो. एखाद्या ओळीत नऊ अक्षरे झाली म्हणून चांगली प्रतिमा बाद करणे योग्य नाही, मुलासोबत बसून एक अक्षर कमी करून दाखवावे.

परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांनी शेकरूवरच लिहावे का?

मराठी शाळेच्या वर्गासाठी शेकरूवर लिहिण्याची इच्छा असेल तर अवश्य लिहावे, पण खिडकीतून रोज दिसणारा प्राणी अधिक चांगला. अमेरिकेतल्या परसात करडी खार येते, लंडनच्या रस्त्यांवर रात्री कोल्ह्याच्या जातीचे तांबडे खोकड फिरते. त्यांच्या दिनक्रमासाठी मराठी शब्द शोधताना मुलांची भाषा जितकी वाढते, तितकी न पाहिलेल्या सह्याद्रीचे वर्णन करताना वाढत नाही. ओक वृक्षाच्या फळाला मराठीत काय म्हणावे असा प्रश्न पडला, तर ‘ओकचे फळ’ असे सरळ लिहावे.

शीर्षक कसे द्यावे?

कविता पूर्ण झाल्यावर द्यावे, आधी नाही. ‘शेकरू’ किंवा ‘माझा आवडता प्राणी’ हे शीर्षक वर्गातल्या अर्ध्या वह्यांवर असते. कवितेतलीच एखादी वेळ, जागा किंवा हालचाल उचलावी: ‘उंबरावरची सकाळ’, ‘आजचे घरटे’, ‘वारा नसताना’. यातले शेवटचे शीर्षक बाळहिरडा गोळा करणाऱ्या घरातल्या त्या मुलीचे आहे. तिने कवितेत पहिल्या दोन कडव्यांपर्यंत शेकरूचे नावच घेतले नव्हते, फक्त एक शेंडा हलत होता.